शब्दवेध : गावठाण

गाव अधिक ठाण. ‘ठाण’ म्हणजे संस्कृत ‘स्थान’. ठाणेही त्याच कुळातलं. महसुली दप्तरात गावठाण म्हणजे शेतजमिनीहून वेगळी, घरं बांधून राहायची जागा. १९५७ साली मुंबई पालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. भातशेतं बुजली, शब्द उरला. अंधेरीच्या आंबोलीत आजही अरुंद गल्ल्या, क्रूस आणि उतरत्या कौलांची घरं टॉवरांना खेटून आहेत. गाव-शहराच्या अशा सरमिसळीला भूगोलतज्ज्ञ टेरी मॅकगी यांनी इंडोनेशियन शब्द जोडून ‘देसाकोटा’ म्हटलं. त्यातला देसा आपल्या ‘देश’चा, कोटा आपल्या ‘कोट’चा सख्खा भाऊ! मॅकगींसमोर महानगरांभोवतीचे भातपट्टे होते. इथे गाव शहराच्या पोटात आहे, आणि सीमांकन करून त्याची हद्द नकाशावर आणा, ही रहिवाशांची मागणी अगदी रास्त आहे.