पिरॅमिड, आपली शिळावर्तुळे आणि माणसाचे नाव

मंडळाची स्मरणिका म्हणजे स्मरणाचे साधन. कोणी काय केले, केव्हा केले, कोणाच्या हातून केले, हे पुढील पिढीस कळावे म्हणून ती काढावयाची. माणसाची ही धडपड आजची नाही. ती फार जुनी आहे. आपल्यामागे काहीतरी उरावे, कोणीतरी आपले नाव घ्यावे, या इच्छेने जगात केवढी प्रचंड बांधकामे झाली आहेत! त्यांपैकी इजिप्त देशातील बांधकामे सर्वांत प्रसिद्ध. परंतु त्याच इच्छेने रचलेले दगड आपल्या विदर्भातही आहेत, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्या भगिनींस असेल. या दोहोंची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम इजिप्तकडे वळू. नाईल नदीच्या काठी, गिझा येथे, खुफू राजाचा महापिरॅमिड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी उभा राहिला. मुळात त्याची उंची सुमारे १४६ मीटर होती व त्यास अदमासे २३ लक्ष दगड लागले असावेत. हा राजवाडा नव्हे, देऊळही नव्हे. ही एका माणसाची समाधी आहे. मृत्यूनंतर माणसाचे जीवन चालूच राहते आणि त्यासाठी त्याचे शरीर टिकले पाहिजे, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. म्हणून ते मृतदेह वाळवून ठेवीत. वाळवणाला ऊन आणि मीठ किती लागते हे आपणां गृहिणींस सांगावयास नको. तेथे नेट्रॉन नावाचा एक खार मिळे. आपल्या पापडखाराच्या जातीचाच म्हणा ना. पोटातील अवयव काढून, देह या खारात ठेवून, कोरडा झाल्यावर त्यास तेले व राळ लावून तागाच्या पट्ट्यांत गुंडाळीत. या सर्व विधीस सत्तर दिवस लागत. हृदय मात्र देहातच राहू देत. कारण परलोकात न्यायाच्या वेळी ते सत्याच्या पिसाशी तोलले जाते, असे ते मानीत. वाईट कृत्यांनी जड झालेले हृदय त्या तराजूत टिकत नसे.

पण देह टिकवूनही त्या लोकांचे समाधान होत नसे. त्यांच्या मते माणसाचे नाव हाही त्याचा एक अवयवच. नाव कोरलेले असेल, ते कोणी वाचीत असेल, तोवर माणूस जिवंत. नाव पुसले की तो दुसऱ्यांदा मेला. म्हणून थडग्यांच्या भिंतींवर, शवपेट्यांवर, लव्हाळ्याच्या जातीच्या पपायरस वनस्पतीपासून केलेल्या कागदावर, जिकडे तिकडे त्यांनी नावे लिहिली. आपल्याकडेही श्राद्धाच्या वेळी तीन पिढ्यांची नावे उच्चारतात, देवघरात पूर्वजांचे टाक ठेवतात. भावना दूरची वाटत नाही.

आता आपल्या भूमीकडे येऊ. नागपूरजवळील जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, पारशिवनी तालुक्यातील नैकुंड, अशा अनेक ठिकाणी मुरमाड माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे दिसतात. एकट्या जुनापाणीस अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नॅक याने तेथील काही वर्तुळे उकरून पाहिली व त्यांची हकीकत १८७९ साली प्रसिद्ध केली. पुढे डॉ. शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून टाकळघाट-खापा, माहुरझरी व नैकुंड येथे पद्धतशीर उत्खनने केली. ही वर्तुळे म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे एक हजार ते तीनशे वर्षे या काळातील लोकांची दफनस्थाने होत, हे त्यावरून ठरले. वर्तुळाच्या आत मृताच्या अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, तांब्याची भांडी आणि दागिने, अकीक-कार्नेलियनचे मणी, अशा वस्तू पुरून वर मुरूम व दगडगोटे भरीत. माहुरझरीस तर माणसाबरोबर घोडाही पुरलेला सापडला, त्याच्या डोक्यावरील तांब्याच्या साजासह! नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी निघाली. म्हणजे ही माणसे रानटी नव्हती. लोहारकाम जाणणारी, घोडे पाळणारी, मण्यांस भोके पाडणारी अशी ती कसबी माणसे होती. शिवाय बहुतेक वर्तुळे काळ्या जमिनीत नसून माळावर आहेत. पिकाची जमीन जिवंतांसाठी आणि माळ मृतांसाठी, असा हिशेब त्यामागे असावा असे वाटते.

हे झाले नागपूर बाजूचे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही त्या काळची वस्ती होती काय? होती. बाभूळगाव तालुक्यातील पाचखेड येथील पांढरीच्या टेकाडावर नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ मध्ये उत्खनन केले. वस्तीचे पावणेनऊ मीटरच्या आसपास जाडीचे थर तेथे आढळले: सर्वांत खाली लोहयुग, त्यावर सातवाहनकाळ, मग मध्ययुग आणि अखेरीस निजामाचा अंमल. लोहयुगाच्या थरात एका गोल घराचा तळ सापडला. चुनखडीची जमीन, कडेने लाकडी खांब आणि घरात चूल! राजांच्या समाध्या पाहून आपण थक्क होतो खऱ्या. पण सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात कोणा बाईने जमीन चोपून, सारवून, चूल पेटविली असेल, हा विचार मनास अधिक जवळचा वाटतो.

मात्र त्या बाईचे नाव काय? ते कळावयास मार्ग नाही. माहुरझरीच्या घोडेस्वाराचे नावही कोणास ठाऊक नाही. शिळावर्तुळे रचणाऱ्या लोकांनी मृतांसाठी जड जड धोंडे वाहून आणले, आवडीच्या वस्तू बरोबर दिल्या; पण त्यांच्याजवळ लिपी नव्हती. त्यामुळे इजिप्तमधील साध्या कारागिराचे नाव आज आपण वाचू शकतो आणि आपल्या माळावरील सरदार मात्र निनावी राहतो. दगड कितीही मोठा असला तरी तो एकटा नाव सांगत नाही. त्यास अक्षराची जोड लागते.

अक्षर असले तरी ते वाचणारा लागतो, हेही तितकेच खरे. इजिप्तची चित्रलिपी वाचणारे सुमारे दीड हजार वर्षे कोणी उरले नव्हते. १७९९ साली रोझेटा येथे फ्रेंच सैनिकांस एक शिळा सापडली. तीवर एकच राजाज्ञा तीन प्रकारे लिहिलेली होती: चित्रलिपीत, तिच्या जलद लिहिण्याच्या रूपात आणि ग्रीक भाषेत. ग्रीक मजकुराच्या आधाराने, टॉलेमी, क्लिओपात्रा अशी राजघराण्यातील नावे जुळवीत, शांपोल्यों या फ्रेंच पंडिताने १८२२ साली ती लिपी उलगडली. आपली ब्राह्मी लिपीही अशीच विस्मृतीत गेली होती. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप याच्या लक्षात आले की, सांचीच्या कठड्यावरील पुष्कळशा लहान लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात. हे देणगीदारांचे लेख असावेत आणि शेवटचा शब्द ‘दानं’ असावा, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला आणि १८३७ साली ब्राह्मीचे कुलूप उघडले. इजिप्तची किल्ली राजांच्या नावांत सापडली, आपली किल्ली दान या शब्दात सापडली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कारण त्याच किल्लीने विदर्भातील एका स्त्रीचे नाव आपल्या हाती आले. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीवर उत्खनन होऊन बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. स्तूप हेही एक स्मारकच. पूज्य व्यक्तीच्या अस्थी जपण्यासाठी बांधलेले. तेथील इसवी सनापूर्वीच्या लेखांपैकी एकात विसमिता नावाच्या स्त्रीच्या दानाची नोंद आहे, आणि ते सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असो, असे म्हटले आहे. ती राणी नव्हती. गुरूजवळ शिकणारी शिष्या होती. पण तिने दान दिले व ते नावासह कोरले गेले, म्हणून दोन हजार वर्षांनंतर आपण तिचे नाव घेऊ शकतो.

आता दोन राण्यांची गोष्ट सांगते. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात हॅटशेप्सुट नावाची राणी होऊन गेली. सावत्र मुलगा लहान म्हणून तिने कारभार हाती घेतला आणि पुढे स्वतःच राजपद धारण करून सुमारे वीस वर्षे राज्य केले. देर अल-बहरी येथील तिचे मंदिर आजही पाहण्यासारखे आहे. परंतु तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी भिंतींवरील तिची चित्रे व नावे छिन्नीने खरवडून काढण्यात आली. तिकडच्या समजुतीप्रमाणे हा दुसरा मृत्यूच! तरी काही अक्षरे राहून गेली. मूर्ती पुरुष राजाची आणि शब्दांचे प्रत्यय मात्र स्त्रीलिंगी, हे पाहून शांपोल्यों चकित झाला. पुढे अभ्यासकांनी तिचा इतिहास जुळविला. व्याकरणातील एका प्रत्ययाने राणीस परत आणले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दुसरी राणी आपली. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची पत्नी आणि सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता. पतीच्या निधनानंतर मुले लहान म्हणून इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीपासून निदान तेरा वर्षे तिने विदर्भाचा कारभार चालविला. तिचे ताम्रपट उपलब्ध आहेत. विशेष हे की, त्यांत ती आपल्या माहेरची वंशावळ देते आणि धारण हे पित्याचे गोत्र स्वतःचे म्हणून सांगते. सासर सांभाळले, माहेर लपविले नाही! यांपैकी एक ताम्रपट पुण्यात एका तांबटाच्या घरी मिळाला. वितळविला असता तर त्यापासून एखादी कळशी झाली असती आणि राणीचा पुरावा गेला असता. दुसरा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा. हेच रिद्धपूर पुढे महानुभावांचे पीठ झाले आणि मराठीची आद्य कवयित्री महदंबा हिचे धवळे तेथेच रचले गेले. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातही एक झिजलेला शिलालेख आहे. प्रभावतीच्या कन्येने आईच्या पुण्यार्थ हे देवालय उभारले, असे अभ्यासक त्यावरून मानतात. लेकीने आईसाठी उभारलेले स्मारक विदर्भात आहे, हे आपल्या मंडळास खचितच अभिमानास्पद वाटेल.

येथवर आल्यावर आपण काय करावे, हा प्रश्न उरतो. पिरॅमिडांची काळजी सारे जग घेते. आपल्या शिळावर्तुळांचे धोंडे मात्र रस्त्याच्या खडीसाठी, बांधासाठी, घराच्या पायासाठी उचलले जातात. पांढरीची माती शेतात टाकण्यासाठी खणली जाते व तिच्याबरोबर मडकी, मणी, अक्षरे नाहीशी होतात. गावच्या वीरगळांवर व सतीशिळांवर रंगांचे थर चढतात, त्यांखाली लेख असल्यास तो बुजतो. हे दुष्टपणाने होत नाही, माहिती नसल्यामुळे होते. म्हणून माहिती घरोघर पोहोचविणे हे काम स्त्रियांस चांगले साधेल. जमिनीत जुनी नाणी, ताम्रपट, दागिने सापडले तर ती सराफाकडे वा भंगारात न देता जिल्हाधिकाऱ्यांस कळवावीत. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीची अशी वस्तू कळविणे बंधनकारकही आहे. मुलांची सहल दूरच्या बागेस नेतो, तशी एकदा जुनापाणीस किंवा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात न्यावी.

आणि दुसरे काम तर उंबरठ्याच्या आतले आहे. आपल्या पणजीचे माहेरचे नाव आपणांपैकी किती जणींस सांगता येईल? पुरुषांची वंशावळ भाटांच्या वहीत, तीर्थोपाध्यायांच्या बाडात, सात-बाराच्या उताऱ्यावर मिळते. स्त्रीचे नाव लग्नात बदलते, आडनाव बदलते, आणि दोन पिढ्यांत ती केवळ ‘अमक्याची आई’ होऊन राहते. छिन्नीने कोणी खरवडीत नाही. पण नाव पुसले जातेच. तेव्हा प्रत्येकीने एक साधी वही करावी. आई, आजी, पणजी, सासू, आजेसासू, यांची माहेरची व सासरची नावे, गाव, त्यांना काय चांगले येत असे, ओव्या, औषधे, लुगड्याचे विणकाम, शेतीची कामे, हे सारे लिहावे. घरातील वडीलधाऱ्या बाया आहेत तोवरच हे विचारून घेता येईल. त्यास पिरॅमिड लागत नाही, ताम्रपट लागत नाही. शाईची एक दौत आणि थोडी सवड पुरे. पाचखेडच्या चुलीपाशी बसणारीचे नाव आता कळणार नाही. पण आपल्या चुलीपाशी बसून गेलेल्यांची नावे जपणे अजून आपल्या हाती आहे.