विजयाचे देणे: आयर्लंड, युरोव्हिजन आणि सार्वजनिक पैसा

१/१२
३० एप्रिल १९९४. डब्लिनच्या पॉइंट थिएटरमध्ये आयर्लंडने युरोव्हिजन गीतस्पर्धा सलग तिसऱ्यांदा जिंकली. असा पराक्रम त्यापूर्वी कोणत्याही देशाला साधलेला नव्हता. सभागृहात जल्लोष होता. आयर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेपुढे, म्हणजे आरटीईपुढे, मात्र निराळाच प्रश्न उभा होता. पुढील वर्षीचा खर्च कोठून करायचा? 🧵

२/१२
या पेचाचे मूळ स्पर्धेच्या जन्मात आहे. १९५० मध्ये स्थापन झालेल्या युरोपीय प्रसारण संघाला देशोदेशींच्या वाहिन्या एकाच थेट प्रक्षेपणाने जोडायच्या होत्या. इटलीच्या सानरेमो गीतमहोत्सवाचा नमुना समोर ठेवून २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे ७ देशांची पहिली स्पर्धा झाली.

३/१२
पुढे प्रथा रुळली: जो जिंकेल, त्याने पुढील वर्षी यजमान व्हावे. सन्मानासोबत देणेही आले. १९७१ मध्ये चिमुकला मोनॅको जिंकला, पण यजमानपद त्याला पेलले नाही. १९७२ ची स्पर्धा बीबीसीने एडिंबरोत भरवली. लक्झेंबर्ग १९७२ व १९७३ असे लागोपाठ जिंकला आणि दुसऱ्या यजमानपदाला त्याने नकार दिला.

४/१२
त्यामुळे १९७४ ची स्पर्धा ब्रायटनला गेली. तेथे स्वीडनचा ‘अॅबा’ हा चमू जिंकला आणि खर्चाचा वाद स्वीडनमध्ये पोहोचला. १९७५ मध्ये स्टॉकहोममध्ये स्पर्धा सुरू असताना डाव्या विचारांच्या संगीतकारांनी निषेध म्हणून पर्यायी महोत्सव भरवला. १९७६ मध्ये स्वीडन स्पर्धेत उतरलाच नाही.

५/१२
यानंतर यजमानाच्या खर्चात इतर सहभागी संस्थांनीही वाटा उचलावा, अशी व्यवस्था करण्यात आली. तरीही मोठा भार यजमानावरच राहिला. ‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही मराठी म्हण युरोव्हिजनच्या यजमानालाही तंतोतंत लागू पडते.

६/१२
आरटीईचा संसार परवाना शुल्क आणि जाहिराती या दोन खांबांवर उभा होता. म्हणजे हा पैसा घरोघरच्या प्रेक्षकांचा. १९९२ च्या विजयानंतर आरटीईने १९९३ ची स्पर्धा राजधानीत न घेता कॉर्क परगण्यातील मिलस्ट्रीट या सुमारे १,५०० वस्तीच्या गावात, घोडेस्वारीच्या एका बंदिस्त रिंगणात भरवली.

७/१२
त्या रात्री बोस्निया प्रथमच स्वतंत्र देश म्हणून गायला. त्याचे कलावंत वेढा पडलेल्या साराय्येवोतून जीव धोक्यात घालून आले होते. गुण सांगण्यासाठी साराय्येवोहून दूरध्वनी लागला, तेव्हा खरखरत्या आवाजाचे सभागृहाने टाळ्यांनी स्वागत केले. त्या क्षणाचा जमाखर्च कोणत्या वहीत मांडायचा?

८/१२
१९९४ मध्ये गुणमोजणीपूर्वीच्या मध्यंतरात सुमारे ७ मिनिटांचे एक नृत्य सादर झाले. संगीत बिल व्हीलन यांचे. नृत्यात अग्रभागी जीन बटलर व मायकेल फ्लॅटली. त्याचे नाव ‘रिव्हरडान्स’. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याचा पूर्ण लांबीचा रंगमंचीय प्रयोग डब्लिनमध्ये सुरू झाला आणि पुढे तो जगभर फिरला.

९/१२
त्याच रात्री आयर्लंडच्या साध्यासुध्या गीताला २२६ गुण मिळाले. २०० चा टप्पा ओलांडणारे ते पहिलेच गीत. आरटीईने मुद्दाम न जिंकणारे गाणे पाठवले होते, ही वदंता तेव्हापासून फिरते. तिला पुरावा नाही. पण ती लोकांना खरी वाटली, यातच त्या काळाची चिंता दिसते.

१०/१२
१९९५ साठी बीबीसीने मदतीचा हात पुढे केला. बेलफास्टमध्ये संयुक्त आयोजनाचाही प्रस्ताव होता. आरटीईने अखेर स्वबळावर डब्लिनमध्येच स्पर्धा घेतली. नॉर्वे जिंकला आणि आरटीईला उसंत मिळाली. ती वर्षभरच टिकली, कारण १९९६ मध्ये ऑस्लोत पुन्हा आयर्लंड जिंकला! १९९७ चे यजमानपद परत डब्लिनकडे आले. त्याच १९९६ मध्ये ‘फादर टेड’ या विनोदी मालिकेत, यजमानपद टाळण्यासाठी टाकाऊ गाणे पाठवणारा आयर्लंड दाखवला गेला.

११/१२
आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. एका रात्रीच्या सोहळ्यावर लागणारा पैसा नाटके, माहितीपट, मुलांचे कार्यक्रम यांवर वर्षभर पुरवता आला असता. मात्र हाच निकष लावला तर ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सुरू झालेली आयरिश भाषेची वाहिनीही अडचणीत येते. मूठभर प्रेक्षकांसाठी एवढा खर्च कशाला, असे तिलाही विचारले गेले. एका खर्चाला ‘फार लोकप्रिय’ म्हणून नाक मुरडायचे आणि दुसऱ्याला ‘फारच कमी लोकांचा’ म्हणून, तर सार्वजनिक पैसा शोभतो तरी कोठे?

१२/१२
‘रिव्हरडान्स’ घडेल असे अंदाजपत्रकात कोणी लिहिले नव्हते. साराय्येवोचा दूरध्वनीही नाही. म्हणून प्रत्येक सोहळा सार्थकी लागतो असे नव्हे. ऐपत नसताना केलेल्या खर्चापायी दुसरे कार्यक्रम बंद पडत असतील, तर लक्झेंबर्गचा नकारही तितकाच शहाणपणाचा ठरतो. १९९६ नंतर आयर्लंड ही स्पर्धा जिंकलेला नाही. यजमानपदाचा खर्च आता त्याच्या दारी येत नाही. त्या सात मिनिटांसारखी संधीही.