ध्वनिमापन, मोबाइलवरील (संदर्भ : कौंडण्यपूर)

स्मार्टफोनच्या मायक्रोफोनने टिपलेल्या आवाजाची पातळी अ‍ॅपच्या मदतीने डेसिबलमध्ये दाखवण्याची पद्धत. ती फुकट आणि हाताशी असते, म्हणून गावोगावी पोचली आहे. पडद्यावरचा आकडा ध्वनिमापक यंत्राच्या आकड्यासारखाच दिसतो आणि घोटाळा तिथेच होतो. फोन दोन आवाजांची तुलना बऱ्यापैकी करतो, पण एकाच आवाजाची खरी पातळी सांगताना तो चुकू शकतो.

कौंडण्यपूर (ता. तिवसा, जि. अमरावती) हे वर्धा नदीच्या पश्चिम काठावरचे गाव विदर्भराजाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर मानले जाते. श्रीकृष्णाने तिला येथील अंबिकेच्या मंदिरातून नेले, अशी श्रद्धा आहे. आषाढीसाठी पंढरपूरला जाणारी येथील रुक्मिणीमातेची पालखी राज्यातल्या जुन्या पालख्यांत मोडते. तिची परंपरा १५९४ पासूनची, संत सदाराम महाराजांपासूनची सांगितली जाते. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास यात्रा भरते आणि दहीहंडी होते. टाळ-मृदंग, मंदिराची घंटा, दुकानांचे भोंगे आणि डीजे हे सारे आवाज थोड्याशा जागेत एकत्र ऐकायला मिळतात, त्यामुळे या विषयासाठी असे गाव सोयीचे आहे.

डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट वाटतो. एका भोंग्याशेजारी तेवढाच दुसरा लावला तर आकडा जेमतेम ३ ने चढतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आकडा ६ ने उतरतो. म्हणजे १० मीटरवर ९० असलेला आवाज २० मीटरवर ८४ आणि ४० मीटरवर ७८ भरेल. हा हिशेब कागदावरचा. नदीकाठी हवा त्यात हात घालते. दिवसा जमीन तापलेली असते आणि आवाज वर वळून विरतो. कार्तिकातल्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरची उबदार राहते आणि आवाज खाली वाकून पाण्यावरून पलीकडे जातो. पैलतीरावर वर्धा जिल्हा आहे. इथला भोंगा तिथे दुपारपेक्षा रात्री स्पष्ट ऐकू येतो, त्याचे मोठे कारण हेच.

फोनचा मायक्रोफोन मुळात बोलणे टिपण्यासाठी बनवलेला असतो. वारा आणि हाताची घरघर काढून टाकावी म्हणून फोन बऱ्याचदा खालच्या पट्टीतले स्वर आधीच कापतो. काही फोन मोठा आवाज आपोआप दाबतात. फार मोठ्या आवाजात मायक्रोफोन तुंबतो आणि आकडा एका जागी थिजतो. उलट बाजूला, फार शांत खोलीतही फोनची स्वतःची खरखर आकडा पुरता खाली येऊ देत नाही.

डीजेच्या ठोक्याचे प्रकरण स्वतंत्र आहे. बहुतेक अ‍ॅप आणि कायद्यातील मर्यादाही ‘ए’ भारित मोजमाप वापरतात. मानवी कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात म्हणून या मोजमापात ते कमी धरले जातात : १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल, ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा. त्यामुळे छपराचे पत्रे थरथरतात, मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींवर वाजतात, छातीत धडधडते आणि फोनवर मात्र माफक आकडा दिसतो. अ‍ॅपमध्ये खालचे स्वर फारसे न कापणारे ‘सी’ मोजमाप निवडता येत असेल तर दोन्ही आकडे घ्यावेत. त्यांच्यातले अंतर मोठे असले तर घरात शिरतो आहे तो ठोका, हे ओळखता येते.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या कार्दूस आणि शॉ यांनी २०१४ मध्ये अशा अ‍ॅपची प्रयोगशाळेत तपासणी प्रसिद्ध केली. थोडीच अ‍ॅप प्रमाण यंत्राच्या २ डेसिबलच्या आत आली. त्याच संस्थेने २०१७ मध्ये स्वतःचे अ‍ॅप काढले, पण ते फक्त आयफोनसाठी. अँड्रॉइडचे फोन अनेक कंपन्यांचे आणि प्रत्येकाचा मायक्रोफोन वेगळा, त्यामुळे एकच दुरुस्ती सर्वांना लागू करता येत नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइडच असतो, हे इथे विसरून चालत नाही.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. वर्षातले १५ पर्यंत दिवस राज्य शासन सणांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. मर्यादेचे हे आकडे क्षणाचे नाहीत, ठरावीक वेळेच्या सरासरीचे आहेत. अ‍ॅपमध्ये ‘एलईक्यू’ नावाने दिसणारी सरासरी त्यासाठी पाहावी. फटाक्याच्या एका बारावरून फोन नाचवू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ च्या निकालात ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे सांगितले आणि पोलिसांनी डेसिबल मोजणारी मोबाइल अ‍ॅप वापरावीत असेही सुचवले. पहिल्या पाहणीला अ‍ॅप पुरते. वाद वाढला की प्रमाणित आणि तपासून घेतलेले यंत्रच लागते, कारण आरोपीचा वकील पहिला प्रश्न विचारेल तो फोन कधी आणि कशाशी ताडून पाहिला होता, हा.

मोजताना कव्हर काढावे. मायक्रोफोनचे छिद्र बहुधा खालच्या कडेला असते. ते बोटाने झाकू नये. फोन अंगापासून दूर, भिंतीपासून काही हातांवर धरावा. वर्धेवरचा वारा छिद्रावर आदळला की आकडा उगाच चढतो, म्हणून घाटावर उघड्या वाऱ्यात घेतलेली नोंद बाद समजावी. सर्वात मोलाची नोंद असते यात्रेच्या आदल्या रात्रीची : तोच फोन, तोच ओटा, तीच वेळ, निदान १० मिनिटे. रातकिडे, दूरच्या शेतातला पंप आणि कुत्री एवढाच आवाज असतो तेव्हा आकडा काय येतो, ते वहीत लिहावे. दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर तो २५ ने चढला, तर फोन मुळातच ४ डेसिबल चुकीचा असला तरी ही वाढ खोटी ठरत नाही. डीजे लावणाऱ्या मंडळाच्या पोरांना मात्र ही वही दाखवू नये. “येवढं काय होते भाऊ, वर्षातून एकडाव तर हाय” हे उत्तर ठरलेले असते. वही ग्रामपंचायतीत किंवा ठाण्यात, तारीख-वेळ आणि जागेसह द्यावी.