आश्रित भाषेचे दीर्घायुष्य : व्हिज्युअल बेसिक आणि व्हीबीए (धागा)

१/ एकाच घराण्यातील दोन संगणकभाषा. एकीने स्वतंत्र संसार थाटला, दुसरी आश्रित म्हणून राहिली. पहिलीची वाढ १९९८ च्या सहाव्या आवृत्तीशी थांबली. दुसरी आजही कार्यालयांत राबते आहे. असे का घडले?

२/ घराण्याचे मूळ १९६४ चे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ यांनी ‘बेसिक’ रचली. विज्ञानेतर विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा हेतू.

३/ १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘व्हिज्युअल बेसिक’ आणली. पडद्यावर बटणे व चौकटी मांडायच्या आणि त्यांच्यामागे आज्ञा लिहायच्या, ही तिची रीत. तयार झालेला प्रोग्राम सहायक फायलींसह विंडोजवर स्वतंत्रपणे चाले.

४/ १९९३ मध्ये एक्सेलबरोबर ‘व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स’, म्हणजेच व्हीबीए, अवतरली. व्याकरण बव्हंशी तेच. पण हिचा प्रोग्राम वर्कबुकच्या पोटात राही आणि एक्सेलविना चालत नसे. मोबदल्यात यजमानाचे तक्ते, सूत्रे, आलेख तिला आयते लाभले. हिशेबनिसाला वेगळे साधन विकत घ्यावे लागले नाही.

५/ २००२ मध्ये ‘व्हिज्युअल बेसिक डॉट नेट’ आली. नाव जुने, घडण निराळी. जुन्या प्रोग्रामांचे रूपांतर करणे भाग पडले. २००५ मध्ये अनेक प्रोग्रामरांनी जुनी भाषा पुढे चालू ठेवण्याची विनंती केली. ती फळली नाही. २००८ मध्ये त्या साधनाचे अधिकृत साहाय्यही संपले.

६/ व्हीबीएबाबत मात्र उलटे घडले. मॅकसाठीच्या ऑफिस २००८ मधून ती वगळली गेली आणि २०११ च्या आवृत्तीत परत आली. लोकांच्या फायलींतच तिचे प्रोग्राम साठलेले होते. भाषा गेली की त्या फायली मुक्या होत.

७/ या सहवासाची किंमतही मोजावी लागली. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ हा विषाणू वर्डच्या दस्तऐवजातील मॅक्रोतून पसरला. आउटलुकच्या यादीतील पहिल्या ५० पत्त्यांवर तो स्वतःला धाडीत असे. पुढे २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने मुळातच रोखण्यास प्रारंभ केला.

८/ दस्तऐवजासोबत प्रवास करण्याच्या ज्या गुणाने विषाणूला वाट दिली, त्याच गुणाने व्हीबीएला तारले. स्वतंत्र भाषा निर्मात्याला मागे सोडता आली. कोट्यवधी फायलींत मुरलेली आश्रित भाषा सोडणे त्याला आजवर परवडलेले नाही.