क्रूझ म्हणजे आपली कोकणबोटच की!



आमच्या नात्यातली दोन कुटुंबे येत्या डिसेंबरात मुंबईहून क्रूझवर निघाली आहेत. गोवा, पुढे लक्षद्वीप आणि परत. त्यांच्या तयारीच्या गप्पा ऐकताना मला गंमत वाटली. कपडे कोणते न्यायचे, फोटो कुठे छान येतात, जेवणात काय काय असते, सगळी माहिती त्यांनी काढली आहे. भाची म्हणाली, "मावशी, तू इतिहास शिकवायचीस ना, तुलाही काही टिप्स द्यायच्या असतील तर दे." ती चेष्टेने म्हणाली, पण मी मनावर घेतले! कारण समुद्रप्रवासाची प्रत्येक सूचना ही कुणीतरी कधीतरी भोगलेल्या गोष्टीतून आलेली असते. नियम नुसता सांगितला तर कंटाळवाणा वाटतो, त्यामागची गोष्ट सांगितली की लक्षात राहतो. चाळीस मुलांच्या वर्गापुढे तीस वर्षे उभे राहून एवढे तरी कळले आहे.

आम्हा पुणेकरांचा समुद्राशी संबंध तो काय? मुळा-मुठेचे पाणीसुद्धा भीमेतून कृष्णेला मिळून थेट पूर्वेच्या समुद्राला जाते, कोकणाकडे पाठ फिरवून! पण मी जन्माने पुणेकर नाही. माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले आणि गाव देवगडकडचे. त्यामुळे कोकणबोट मी पाहिली आहे, तिच्यावर झोपले आहे आणि तिच्यावर ओकलेही आहे. असो.

आधी थोडे मागे जाऊ. आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडणे हेच पाप मानत. परत आले की प्रायश्चित्त. अशा काळात १८८३ साली, एकाच वसंतात, दोन मराठी बायका बोटीने निघाल्या. एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. वय अठरा, नवरा बरोबर नाही, नऊवारी सोडायची नाही आणि शाकाहार सोडायचा नाही हा निश्चय. जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला पोचल्या, म्हणजे जवळजवळ दोन महिने पाण्यावर. त्याच सुमारास पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. त्यांनी त्या प्रवासाची हकिगत पत्ररूपाने लिहिली आणि ती 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने छापून आली. पुढच्या प्रवाशाच्या उपयोगी पडेल असे लिहून ठेवायचे, ही चाल म्हणजे आजच्या 'ट्रॅव्हल टिप्स'च की! आनंदीबाई डॉक्टर होऊन १८८६ च्या अखेरीस परत आल्या, पण क्षयाने खंगलेल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये आमच्या या पुण्यातच त्या गेल्या.

तर पहिली गोष्ट जेवणाची. आनंदीबाईंना जे जमवून घ्यावे लागले ते आज कुणाला लागत नाही. मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर शाकाहारी, अगदी जैन जेवणही मिळते. पण परदेशातून क्रूझ घेणार असाल तर तिकीट काढतानाच शाकाहाराचे लेखी कळवा. बोटीवर चढल्यावर सांगणे म्हणजे पंगत बसल्यावर उपास आहे म्हणण्यासारखे. मधुमेहाच्या मंडळींनी आपली औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोठे सामान धक्क्यावर ताब्यात घेतात, ते खोलीत यायला कधी कधी संध्याकाळ होते.

आता आपल्या कोकणबोटीकडे येते. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी वर्षानुवर्षे किनाऱ्याने धावत. स्वदेशीच्या काळात गोऱ्या कंपनीला तोंड देण्यासाठी देशी आगबोट कंपनी निघाली, लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावे, तुकाराम, रामदास. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे आमच्या आधीच्या पिढीला रेल्वे स्टेशनांसारखी पाठ. माझ्या लहानपणी चौगुले कंपनीच्या 'कोकण सेवक'चे नाव घरोघर होते. पुढे ही सेवा मोगल लाइन्सकडे गेली, नंतर शिपिंग कॉर्पोरेशनकडे, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी-शेवटी बंद पडली. मध्ये दमानियांची वेगवान बोट काही वर्षे गोव्याला गेली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने सुरू झाली आणि बोटीची आठवण काढण्याचेही कारण उरले नाही. २०१८ मध्ये 'आंग्रिया' मुंबई-गोवा सुरू झाली तेव्हा आम्ही जुनी मंडळी हरखलो होतो, पण करोनाच्या साथीत तीही थांबली. २०२१ पासून 'कॉर्डेलिया' मुंबईहून सुटते, ती पूर्ण वेगळ्या थाटाची.

आमचा प्रवास असा असे. सकाळी भाऊच्या धक्क्यावर तोबा गर्दी. वडील आधी चढून डेकवर वळकटी पसरून जागा धरत. आई मागून पिशव्या घेऊन. जागा शक्यतो मधली, इंजिनाच्या वासापासून दूर आणि वारा लागेल अशी. बहुतेक बंदरांत बोट किनाऱ्यापासून लांब उभी राही. मग पडाव येऊन लागत, आणि लाटेबरोबर वरखाली होणाऱ्या त्या पडावात खलाशी आम्हा पोरांना अक्षरशः झेलत. आई डोळे मिटून घेई. आजच्या क्रूझवरही काही ठिकाणी मोठी बोट खोल पाण्यात थांबते आणि लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात. तेव्हा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी विचारून घ्यावे की कुठल्या बंदरात धक्का आहे आणि कुठे छोटी बोट. आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत. एका हातात मोबाईल धरून पडाव साधत नाही!

आमच्या भाषेतला एक शब्दप्रयोग मला फार आवडतो. 'बोट लागणे'. गाडी लागते तशी बोट लागते. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा हलते आहे म्हणून सांगते, या भांडणात पोट ढवळते. वडिलांनी शास्त्र वाचले नव्हते, पण ते मधली जागा धरत आणि आम्हाला क्षितिजाकडे बघायला लावत. डॉक्टरही आज हेच सांगतात. बोट टोकांना जास्त हलते आणि वरच्या मजल्यांवर जास्त डुलते. म्हणून ज्याला बोट लागते त्याने खोली मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. ती बहुधा स्वस्तही असते. पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. आई आवळासुपारी आणि लिंबू देई, आल्याचा तुकडाही बरा. गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी. मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

आणखी एक. कोकणची बोट पावसाळ्यात बंद असे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर दर्या शांत होतो ही आपल्या कोळी लोकांची समजूत किती अनुभवाची आहे! जून ते सप्टेंबर पश्चिम किनारा खवळलेला असतो. आपल्या बाजूने क्रूझ घ्यायची तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. तरी वादळ सांगून येत नाही. ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. तेव्हा हवामानामुळे कप्तानाने एखादे बंदर वगळले तर स्वागतकक्षात जाऊन वाद घालू नका. त्याला तुमच्या फोटोंपेक्षा तुमची काळजी जास्त आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्य जेमतेम महिन्यावर आलेले. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला निघाली. तासा-दीड तासाची वाट. मुंबईत कामधंदा करणारे कुलाबा जिल्ह्यातले लोक घरी चाललेले, सातशेच्या आसपास माणसे. पाऊस, वारा, आणि काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने बोट कलंडली. घाबरलेली माणसे एका बाजूला धावली आणि होता नव्हता तोल गेला, असे वाचलेल्यांनी पुढे सांगितले. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. कित्येक तास मुंबईला पत्ताच नव्हता. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी मासळीची पर्वा न करता अनेकांना वर ओढले. तरी सहाशेच्या वर माणसे गेली.

आमच्या चाळीतल्या एका काकूंचे यजमान त्या बोटीवर होते. मी जन्मले त्याच्या आधीची गोष्ट, पण मला कळायला लागल्यापासून काकू मला आठवतात त्या बोटीवर पाय न ठेवणाऱ्या. गावी जायचे तर दोन दिवस एस.टी.ने हाडे खिळखिळी करून जात. धक्क्यावर कुणाला पोचवायला सुद्धा येत नसत. आम्ही निघालो की जिन्यापर्यंत येऊन आईला एकच सांगत, "वर जायचा जिना कुठं आहे तो आधी बघून ठेव." बाकी काही नाही. आई बोटीवर चढल्याबरोबर आम्हा भावंडांना घेऊन तो जिना दाखवी, मगच वळकटी सोडे.

वर्गात मी विचारायची तेव्हा 'टायटॅनिक' सगळ्या मुलांना ठाऊक असे, सिनेमामुळे. 'रामदास' एखाद्यालाच, आणि ते मूल बहुधा अलिबागकडचे. टायटॅनिकवर सुमारे २,२०० माणसे होती आणि बचावाच्या होड्यांत जागा निम्म्यांना जेमतेम. त्या १९१२ च्या आघातानंतर १९१४ साली लंडनला देश जमले आणि समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातूनच पुढे प्रत्येक प्रवाशाला जागा आणि प्रत्येक प्रवाशाचा सराव ही पद्धत रुजली. पण माणूस विसरतो. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही भलीमोठी क्रूझ खडकावर आपटली, ३२ माणसे गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता, कारण तेव्हा नियम चोवीस तासांत केव्हाही करा असा होता. २०१५ पासून सराव बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी करणे बंधनकारक झाले. म्हणजे पहिल्या दिवशी तुम्हाला पोहण्याच्या तलावावरून उठवून जी कवायत करायला लावतात, तिची किंमत कुणी भरली आहे ते ध्यानात घ्या.

भाचीने मला सांगितले की तिच्या मैत्रिणी ती कवायत चुकवून खोलीत बसल्या होत्या, "फार बोअर असते गं मावशी." मी तिला काकूंची गोष्ट सांगितली. ती गप्प झाली. मग म्हणाली, "हे आधी कुणी सांगितलंच नाही."

खरेच आहे, आपण सांगत नाही. आणि फार जुनी गोष्ट म्हणावी तर तसेही नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि दहाहून अधिक जीव गेले. सहलीला निघालेली माणसे, अर्ध्या दिवसात घरी येणारी.

तेव्हा मंडळी, जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. पुण्याहून त्याच दिवशी निघू नका, घाटात गाड्या अडकल्या तर बोट थांबत नाही. आदल्या रात्री मुंबईत नातेवाईकांकडे मुक्काम करा, त्यांनाही बरे वाटेल. सरकारी ओळखपत्र मूळ प्रत बरोबर ठेवा, परदेशी बंदर असेल तर पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक आहे ना आणि व्हिसा लागतो का ते पाहा. समुद्रात मोबाईलचे रोमिंग खिसा कापते, फोन विमानाच्या मोडवर टाका. एवढी माणसे एकत्र जेवतात, तेव्हा जेवणाआधी साबणाने हात धुवा. खोलीत शिरलात की बॅग उघडण्याआधी दाराच्या मागचा नकाशा वाचा, जाकीट कुठे आहे बघा, ते मुलांना एकदा घालून दाखवा आणि जमण्याच्या जागेपर्यंत लिफ्टशिवाय एकदा चालत जाऊन या. दहा मिनिटे लागतील. मग खुशाल मजा करा, भरपूर खा, नाचा.

आणि बोट मुंबईच्या बंदराबाहेर पडताना एक क्षण डेकवर येऊन काशाच्या खडकाच्या दिशेला बघा. हात जोडावेसे वाटले तर जोडा. तिथे गेलेली माणसे मजेसाठी निघाली नव्हती, घरी निघाली होती.

तुमच्याकडे कोकणबोटीच्या आठवणी असतील, घरातल्या कुणी 'रामदास'बद्दल सांगितलेले असेल, तर लिहून ठेवा. सांगणारी पिढी आता फार थोडी उरली आहे.

तूर्तास इतकेच. प्रवास सुखाचा होवो!