पाऊस कोकणाचा, घाम बायांचा



मागच्या श्रावणात आम्ही गटातल्या अकराजणी अर्धापूरहून कोकणात जाऊन आलो. गणपतीपुळ्याला सगळेच जातात. आम्ही राजापूर तालुक्यात, सड्यावरच्या गावांत हिंडलो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ. देवाचे गोठणे गावच्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी माणसाचं मोठं चित्र कोरून ठेवलंय. अशी कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली.

जिकडं बघावं तिकडं हिरवंगार. आपल्याकडं वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इसापूर धरणाचा कालवा आला म्हणून आपली केळी उभी राहिली. तिथं तीन हजाराच्या वर पाऊस! आम्हाला वाटलं, इथं कुणाला काय कमी असणार? तर तिथली एक आजी म्हणाली, "मे महिन्यात या, मग बघा." जांभा दगडात पाणी ठरत नाही, उतार मोठा, समुद्र जवळ. पडलेलं पाणी वाहून जातं आणि उन्हाळ्यात बायांच्या डोक्यावर हंडा येतो.

जमिनीचे तुकडे लहान, पीक पावसाळी भाताचं. त्यात घर भागत नव्हतं. १८५४ नंतर मुंबईत कापडगिरण्या निघाल्या, तशी रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं गिरणीत गेली. गडी मुंबईला, बाई गावाला. गड्याची मनिऑर्डर यायची. पण भाजावळ, लावणी, कापणी, गुरं, म्हातारी माणसं बाईच्याच अंगावर. पाठीवर इरलं घेऊन, वाकून, भर पावसात तिनं शेत राखलं.

काही बाया मुंबईला गेल्या. त्यांनी गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवल्या. किराणा उधार, सावकाराचं व्याज भारी. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपले बचत गट नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. पगार थांबले. कितीतरी कामगार गावी परतले, तेव्हा बायांनी राखलेल्या शेतानंच त्यांच्या ताटात भात वाढला.

इतिहासात बंदरं, किल्ले, गिरण्या सापडतात. इरल्याखालची बाई सापडत नाही. बायांनो, आपल्याकडंही गडी पुण्याला जातात आणि शेत आपण बघतो. मग कागदावर आपण कुठं आहोत? पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरचा सातबारा आणावा. त्यावर आपलं नाव आहे का, ते मिळून बघू.