वागळे इस्टेटमधला रविवार

आमच्या घरी रविवार शुक्रवारी येत असे. वाचकांना हे वाक्य चमत्कारिक वाटेल. परंतु वागळे इस्टेटच्या आसपास ज्यांचे बालपण गेले, त्यांना ते समजावून सांगावे लागणार नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि ठाण्याच्या वेशीवरील ही वसाहत त्या महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. येथील रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक मिळाले, आणि विश्रांतीचा वार विजेच्या हिशेबाने ठरू लागला. सगळ्याच कारखान्यांनी रविवारी सुटी घेतली तर उरलेल्या सहा दिवसांत विजेचा भार पेलत नाही, म्हणून राज्यातील औद्योगिक वसाहतींना सुटीचे निरनिराळे वार वाटून दिलेले असत. माझ्या वडिलांच्या कारखान्याच्या वाट्याला शुक्रवार आला होता. गंमत अशी की, वडील घरी असण्याचा तो एकमेव दिवस, आणि जुन्या वळणाची आई शुक्रवारी मांसमच्छी शिजवीत नसे. सुटीचे जेवण म्हणजे डाळ-भात आणि भाजी!

रविवारी सकाळी वडील डबा घेऊन पाळीला जात आणि आम्ही भावंडे आईबरोबर तलावाजवळील संत योहान बाप्तिस्ता यांच्या ख्रिस्तमंदिरात मिस्साला जात असू. ठाण्यातील ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास सांगताना सुरुवात १३२१ साली येथे रक्त सांडलेल्या चार फ्रान्सिस्कन हुतात्म्यांपासून होते, आणि ते योग्यच आहे. परंतु हजेरीचे कार्ड यंत्रात घालून रविवारची मिस्सा गमावणाऱ्या भाविकाचा इतिहास कोणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही.

माझ्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या रविवारी वडिलांनी रजा मागितली होती. “देव शुक्रवारी घरी नसतो का?” असे त्यांच्या वरिष्ठांनी विचारले. मोठ्या मिनतवारीने पाळी बदलून मिळाली ती रात्रीची. सकाळी वडील कारखान्यातून थेट मंदिरात आले आणि मागच्या दाराशी निळ्या गणवेशातच उभे राहिले. तेलाने काळे झालेले हात त्यांनी पाठीमागे धरले होते. मला त्यांची लाज वाटली, हे आज कबूल केलेले बरे.

पुढे निर्गम ग्रंथाचा पाचवा अध्याय वाचताना मी थबकलो. मोशे फारोकडे पहिल्या प्रथम काय मागतो? लोकांना रानात जाऊन आपल्या देवाचा सण पाळता यावा म्हणून रजा! आणि फारोचे उत्तर असे की, हे लोक आळशी झाले आहेत, त्यांना विटांसाठी पेंढा देऊ नका, विटा मात्र तितक्याच मोजून घ्या. शब्बाथाची आज्ञा सीनाय पर्वतावर मिळाली ती याच वीटकामगारांना. तिच्यात दासदासी येतात, परका येतो, बैलसुद्धा येतो. पुढील काळातील कायदे इतके उदार नव्हते. सम्राट कॉन्स्टंटाईनने ३२१ साली रविवारच्या विश्रांतीचा कायदा केला, तेव्हा शेतकऱ्यांना त्यातून वगळले होते.

आपल्याकडे रविवारची सुटी राज्यकर्त्यांच्या धर्मामुळे आली, असा आपल्यातील पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. साहेब रविवारी प्रार्थनेला जाई, पण मुंबईच्या गिरणी कामगाराला ठरलेली सुटी नव्हती. ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. त्यांचा जन्म १८४८ साली ठाण्यातच झाला. महात्मा जोतीराव फुले यांचे हे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या मागण्यांचे निवेदन तयार केले, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या त्यांतील काही मागण्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असेही लोखंडे यांनी मांडल्याचे सांगतात. म्हणजे ज्या दिवशी मी प्रभुभोजनाला जातो, तो दिवस मोकळा झाला तो माझ्याच गावी जन्मलेल्या एका सत्यशोधकाच्या खटपटीमुळे. प्रवचनात हे नाव मी कधी ऐकले नाही.

त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांचे कामगारांविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध झाले. रविवारची विश्रांती म्हणजे आळस नव्हे, आणि आपल्या आत्म्याची प्रतिष्ठा विकण्याचा अधिकार खुद्द कामगारालाही नाही, असे त्यांनी बजावले. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवारच, सुटीचा मानला; परंतु त्याच्या मागच्या किंवा पुढच्या तीन दिवसांत बदली सुटी दिली की रविवारी काम घेण्याची मुभाही दिली. आमचा शुक्रवार त्या मुभेतून आला. पवित्र सभेने मात्र अशा माणसांची अडचण ओळखली. १९६७ पासून शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पुरे होण्याची वाट मोकळी झाली आणि १९८३ च्या धर्मसंहितेने ती सर्वांसाठी कायम केली. वडिलांना याचा उपयोग तिसऱ्या आठवड्यालाच होई, कारण सायंकाळची पाळी आडवी येई.

आज वागळे इस्टेटमध्ये अनेक कारखान्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत. त्यांतील एकीत माझी मुलगी काम करते. तिला शनिवार-रविवार सुटी असते, पण मिस्सा चालू असताना तिचा फोन थरथरतो आणि ती बाहेर जाते. मी तिला काही म्हणत नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी वडील पहाटे साडेचारला उठून, दाढी करून, डबा शोधीत बसले होते. मग ते आईबरोबर मंदिरात आले. पुढच्या बाकावर जागा होती, तरीही जाऊन उभे राहिले ते मागच्या दाराशीच. त्या दिवशी त्यांचे हात स्वच्छ होते.